आठव्या वाटेची कुळकथा

चंडीगडमध्ये रस्त्यांना क्रमांक आधी मिळाले, नावे मागाहून आली. १९५१ च्या फेब्रुवारीत या शहराचा वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए शिमल्याच्या वाटेवरच्या एका विश्रामगृहात मुक्कामाला होता. चुलतभाऊ पिएर जाँनरे आणि इंग्रज वास्तुरचनाकार मॅक्सवेल फ्राय सोबत होते. समोर अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयरचा जुना आराखडा पसरलेला होता. मेयरचा सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला, म्हणूनच पंजाब सरकारचे थापर आणि वर्मा हे अधिकारी युरोपात दुसरा माणूस शोधायला निघाले होते. मेयरच्या आराखड्यातले वळणदार रस्ते कॉर्बुझिएने काही दिवसांत सरळ करून टाकले आणि त्यांना क्रमांक लावले. ही 'सात व्ही'ची रीत त्याच्याजवळ आधीच तयार होती. कोलंबियाच्या बोगोटा शहराच्या आराखड्यात ती वापरून झाली होती. व्ही हे फ्रेंचमधल्या रस्त्याच्या शब्दाचे पहिले अक्षर.

व्ही १ म्हणजे बाहेरगावाहून येणारा मार्ग, व्ही २ म्हणजे जनमार्ग आणि मध्यमार्गासारखे शहराचे मुख्य रस्ते. सेक्टरला चारी बाजूंनी वेढणारा, फक्त वेगाने जाणाऱ्या वाहनांचा तो व्ही ३. सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब, आणि त्यातल्या घरांनी व्ही ३ कडे पाठ केलेली. आडवा जाणारा बाजाररस्ता व्ही ४, सेक्टरच्या पोटातला वळसा व्ही ५, घराच्या दारापर्यंत नेणारा व्ही ६. उरलेला व्ही ७ ही पायवाट, ती हिरव्या पट्ट्यांमधून डोंगराच्या दिशेने जाते. मुलांनी एकही मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावे, ही त्यामागची कल्पना. माझ्या मते या आराखड्यातली सर्वांत माणुसकीची रेघ हीच आहे.

या सातांत सायकलला स्वतःची जागा नव्हती. पायवाटेच्या शेजारी ती कुठेतरी सामावेल, असे धरून चाललेले. व्ही ८, म्हणजे सायकलची वाट, नंतर जोडली गेली. कॉर्बुझिएचे मन मोटारीत गुंतलेले होते. तरुणपणापासून तो वेगवान रस्त्यांची शहरे कागदावर काढत आला होता. पण ज्या पंजाबसाठी तो आखत होता, तिथे मोटार फार थोड्यांकडे होती. कारकून, शिपाई, गवंडी, दूधवाला, शाळामास्तर, सगळे सायकलवर. तेव्हाच्या पंजाबातल्याच सोनीपतला १९५१ मध्येच अॅटलासचा कारखाना निघाला. फाळणीत कमालियाहून आलेल्या मुंजाल बंधूंनी अमृतसरला सायकलचे सुटे भाग विकले आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो सायकल सुरू केली. तीस वर्षांत ती जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी ठरली. शंभरेक किलोमीटरवर असे गाव असताना सायकल विसरून चंडीगड पुरे होणे शक्य नव्हते. आठवा क्रमांक त्या गर्दीने मिळवला, असे मी मानतो.

आज ही वाट मुख्य रस्त्यांच्या कडेने सलग पळते, झाडांच्या सावलीतून. तिच्यात मोटरसायकली घुसतात, चौकात ती हरवते, तरीही भारतात इतके लांब आणि जोडलेले सायकलमार्ग फार थोड्या शहरांना आहेत. पण ज्यांना पक्क्या वाटेवर चैन पडत नाही ते शहराबाहेर पडतात. पहाटे सुखना तलावाच्या काठावर रुंद टायरच्या सायकली जमतात आणि डांबर सोडून उत्तरेकडे वळतात. त्यांच्या वाटेची कुळकथा व्ही ८ पेक्षा फार जुनी आहे.

ती सुरू होते फ्रान्सच्या लिमुझाँ प्रांतात. पानिपत झाले त्याच वर्षी, १७६१ मध्ये, तुर्गो हा अर्थतज्ज्ञ लिमोजचा कारभारी म्हणून नेमला गेला. त्या काळी राजाचे रस्ते शेतकऱ्यांकडून वेठीने करून घेत. पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत बैलजोडीसह माणूस ओढून न्यायचा आणि फुकट राबवायचा. तुर्गोने आपल्या प्रांतात वेठ थांबवली, तिच्या जागी कर बसवला आणि मजुरीने माणसे लावली. मजुरीचा पैसा मोजावा लागला तेव्हा रस्त्यात किती दगड घालायचा हा प्रश्न आपोआप आला. १७६४ पासून तिथे मुख्य अभियंता असलेल्या त्रेसागेने त्याचे उत्तर शोधले. जुन्या रस्त्यात अठरा इंच जाडीचा दगड जाई, त्याने तो दहा इंचांवर आणला. खाली मोठे दगड उभे खोचलेले, त्यावर लहान, आणि सगळ्यात वर फोडलेल्या कठीण दगडाची अक्रोडाएवढी खडी. मधोमध थोडा फुगवटा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरेल. शिवाय वर्षातून दोनदा डागडुजी करण्याऐवजी रस्त्यावर कायम माणसे ठेवायची, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते ज्याला खडीकरण म्हणते, त्याचे पहिले शिस्तशीर पाऊल ते हेच.

पुढे स्कॉटलंडच्या मॅकॅडमने खालचे मोठे दगडही काढून टाकले. त्याचे म्हणणे साधे होते: दगड लहान हवा, फोडलेला हवा आणि त्याला कंगोरे हवेत. कंगोरे एकमेकांत अडकतात, चाकांच्या दाबाने थर घट्ट बसतो. गुळगुळीत गोटा कधीच बसत नाही, तो सरकतच राहतो. भारतात हे तंत्र एकोणिसाव्या शतकात आले. अंबाल्यावरून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रोडला मैदानी मातीत मिळणारा कंकर घातला. कंकर म्हणजे चुनखडीच्या गाठी. त्या पसरून, पाणी मारून, चोपून घेतल्या की चुना धरतो आणि रस्ता पाट्यासारखा होतो.

चंडीगडच्या उत्तरेचा दगड मात्र मॅकॅडमला मुळीच आवडला नसता. शिवालिकच्या टेकड्या म्हणजे हिमालयातून वाहून आलेला गाळ, वाळू आणि गोटे. त्या थरांपैकी एकाला भूशास्त्रात जवळच्या पिंजोर गावाचेच नाव आहे, आणि त्याच्या वर गोट्यांचा थर आहे. हे गोटे बहुतेक गारगोटीच्या जातीचे, प्रवाहात लोळून गोल झालेले. टेकड्या इतक्या ठिसूळ की जंगल उघडे पडले की पहिल्या पावसात घळी पडतात. खाली येणाऱ्या कोरड्या ओढ्यांना इकडे 'चो' म्हणतात. आठ महिने वाळूचा पट्टा आणि पावसाळ्यात अचानक लोंढा. होशियारपूरकडे या ओढ्यांनी इतकी शेते गाडली की १९०० मध्ये त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. शिवालिकच्या कुशीतल्या पुष्कळ जमिनीवर तो अजून लागू आहे.

चंडीगड अशाच दोन ओढ्यांमध्ये वसले आहे, पूर्वेला सुखना चो आणि पश्चिमेला पटियाला की राव. तिसरा ओढा शहराच्या मधूनच जातो. कॉर्बुझिएने तो बुजवला नाही, त्याच्या खोलगट पात्रात बागांची रांग केली. सुखना चो १९५८ मध्ये बांध घालून अडवला आणि तलाव झाला. तलाव झाल्याबरोबर तो वरून येणाऱ्या गाळाने भरू लागला. त्यावरचा उपाय १९७० च्या दशकात सुखोमाजरी गावात सापडला. लोकांनी टेकडीवर गुरे सोडायची नाहीत, त्या बदल्यात मातीच्या लहान बंधाऱ्यांचे पाणी सगळ्या घरांनी वाटून घ्यायचे. राळेगण किंवा हिवरेबाजार ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. सिसवां, पर्च, मिर्झापूर इथेही मातीचे बांध आहेत, आणि सायकलवाल्यांच्या वाटा एका बांधावरून दुसऱ्या बांधाकडे जातात.

या ओढ्यांतून सायकलने दगड वाहणारा पहिला नामवंत माणूस मात्र हौसेखातर फिरणारा नव्हता. नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. शकरगढ तालुक्यातले त्यांचे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले. दिवसा ते नव्या शहराच्या रस्त्यांवर काम करत. काम संपले की सायकल काढून शिवालिकच्या पायथ्याशी आणि ओढ्यांच्या पात्रात जात, चेहऱ्यासारखे किंवा पक्ष्यासारखे दिसणारे दगड निवडत आणि कॅरिअरवर लादून आणत. शहरासाठी पाडलेल्या गावांतल्या फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशाही त्यांनी अशाच गोळा केल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, जिथे बांधकामाला मनाई होती त्या झाडीत, कुणाला न सांगता त्यांनी हे सगळे मांडायला घेतले. १९७० च्या दशकात सरकारी लोकांच्या नजरेला ते पडले. पाडायचे की राखायचे, यावर खल झाला आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सर्वांना खुले झाले. कॉर्बुझिएच्या नकाशात या बागेला जागा नव्हती आणि तिचा माल ज्या वाटांनी आला त्यांना क्रमांक नव्हता.

ज्या देशात खडीचा रस्ता शास्त्र बनला, त्या फ्रान्समधल्या सायकलवाल्यांनी उरलेसुरले कच्चे रस्ते जपायला घेतले तेही याच सुमाराच्या थोडे पुढे. ब्रिटनीत १९८४ मध्ये 'त्रो ब्रो लेओन' ही शर्यत सुरू झाली. ती शेतांमधल्या अरुंद पाणंदींवरून जाते आणि पहिल्या येणाऱ्या ब्रेटन स्वाराला डुकराचे पिल्लू बक्षीस मिळते. ब्रेटन भाषेतून शिकवणाऱ्या शाळांना पैसा उभा करणे हा ती सुरू करण्यामागचा हेतू होता. मायबोलीच्या शाळेसाठी कच्च्या वाटेवर शर्यत लावणारी माणसे मला फार जवळची वाटतात. शंभराहून अधिक वर्षांच्या पारी-तूर शर्यतीतही २०१८ पासून द्राक्षमळ्यांतल्या वाटा आल्या. त्या बहुतेक चुन्याच्या दगडाच्या, दबून बसलेल्या. टायर त्यांच्यावर सरळ धावतो. शिवालिकच्या गोल गोट्यांवर तो धावत नाही. इथे चाळीस मिलिमीटरचा टायरही कमी वाटतो, हवा कमी ठेवावी लागते, हँडल सैल धरावे लागते आणि वाळूत उतरून सायकल ढकलावी लागते.

अशीच एक वाट पटियाला की रावच्या पात्रातून मसोल गावाकडे जाते. मोहाली जिल्ह्यातल्या या गावाभोवती भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी काही वर्षे शोध घेतला. प्राण्यांच्या हाडांवर दगडी हत्याराच्या खुणा आहेत आणि त्या सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत, असा त्यांचा दावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद त्या जानेवारीत चंडीगडला आले होते तेव्हा त्यांना या वस्तू इथल्या सरकारी संग्रहालयात दाखवल्या. दावा वादग्रस्त आहे. हाडे जमिनीच्या पृष्ठभागावर मिळाली, त्यामुळे पुष्कळ पुरातत्त्वज्ञ हा काळ मान्य करत नाहीत. हत्यारे कशाची, तर फोडलेल्या गोट्यांची. गोल दगड कामाचा नाही, त्याला फोडून धार काढावी लागते, हे कुणाला तरी फार पूर्वी उमगले, एवढे त्या काळाचा वाद बाजूला ठेवूनही दिसते.

अलीकडे काही सायकलवाले म्हणतात, या वाटांवर डांबर पडू नये. सुखना अभयारण्याच्या आत मला ते पटते, तिथे गाडीच जाऊ नये. मसोलसारख्या गावांबाबत मात्र मला ते मान्य नाही. ओढ्याला पाणी आले की तिथल्या लोकांची वाट तुटते, मग शाळा तुटते आणि दवाखानाही. तिथे पूल आणि पक्का रस्ता व्हायलाच हवा. रविवारी तिकडे जाणाऱ्या आम्हा सायकलवाल्यांसाठी वरच्या बांधांवर अजून पुष्कळ गोटे उरतील.