मराठीत वाचून दाखवा



आज आधी आमचीच एक चूक सांगतो. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका बाईवर दागिने चोरल्याचा आळ आला. ती ज्या घरी धुणंभांडी करायची, त्यांनीच तक्रार दिली. पोलिसांनी तिला चौकशीला नेलं आणि त्याच आठवड्याच्या बैठकीत आम्ही तिचं मंजूर कर्ज थांबवलं. "काहीतरी केलं असेल, उगाच कोण नाव घेतंय?" असं एकजण म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. महिन्याभराने दागिने मालकिणीच्या माहेरीच सापडले. पण आमची ही मैत्रीण अजून बैठकीत दाराजवळच बसते.

त्यानंतर आम्ही कायद्याची माहिती गोळा करायला लागलो. त्यात मुंबईतली एक हकिगत कळली.

आपल्या राज्यघटनेच्या २२व्या कलमात लिहिलंय, की अटक केली तर कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायचं. हे १९५० पासून लागू आहे. पण ज्या बाईला वाचता येत नाही आणि जिला कोणी सांगितलेलं नाही, तिला ते कसं कळणार?

मे १९८२ मध्ये शीला बारसे नावाच्या पत्रकार परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात गेल्या. तिथल्या १५ बायांशी त्या बोलल्या. त्यातल्या पाचजणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. शीलाताईंनी हे सगळं पत्रात लिहून सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला.

निकालात महाराष्ट्र सरकारला सांगितलं, की संशयित बायांसाठी वेगळ्या कोठड्या ठेवा आणि त्यांवर महिला पोलीसच पहारा देतील असं बघा. बाईची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच करा. अटक झाली की तिच्या नातेवाइकाला आणि जवळच्या कायदा मदत समितीला लगेच कळवा. न्यायाधीशांनी तिला विचारावं, की कोठडीत काही त्रास झाला का? वैद्यकीय तपासणी मागायचा हक्क तिला आहे, हेही त्यांनीच सांगावं.

आम्हाला सगळ्यात भावलेली गोष्ट पुढची. न्यायालय म्हणालं, की अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावा. आणि नुसते लावून थांबू नका, ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा.

त्या बायांनी गुन्हा केला होता का, हा प्रश्न त्या निकालात नव्हताच. गुन्हा झाला असेल तर रीतसर खटला चालेल, शिक्षा होईल. पण शिक्षा न्यायालय देतं. ती कोठडीत द्यायची नाही, आणि बचत गटाच्या बैठकीतही नाही.

पुढे कायद्यात आणखी भर पडली. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. २००५ च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायला बंदी आली. अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही हा नियम कायम आहे. आणि साक्षीदार म्हणून बाईचा जबाब हवा असेल तर तिला ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं.

बारामती असो की इंदापूर, वकील हवा असेल तर तालुक्याच्या न्यायालयात जाऊन तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पासबुकाच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून घ्या. जिला लिहिता येत नाही, तिला शेजारणीने लिहून द्यावा.

आम्ही त्या मैत्रिणीचं कर्ज मंजूर केलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. इतिवृत्तात ठराव लिहिला, की नुसत्या आळावरून कोणाचंही कर्ज थांबवायचं नाही आणि कोणाला चौकशीला नेलं, तर गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जायचं.

ठराव लिहून झाल्यावर ती म्हणाली, "मला वाचता येत नाही, एकदा वाचून दाखवा." आम्ही वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मगच अंगठा दिला.