मुंबईंतील पक्षी-छायाचित्रणाची पूर्वपीठिका

मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरांत पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद म्हणजे अलीकडचा, फुरसतीचा खेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. या छंदाचीं मुळें गिरगांव-भायखळ्याच्या मातींत शोधावीं लागतात. आणि तीं शोधूं लागलें म्हणजे कॅमेऱ्याच्या आधीं बंदूक हातीं लागते.

छायाचित्रणाची कला या शहरांत फार लवकर आली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेचे आरंभींचे हिंदी उपासक होत. परंतु त्या काळची रीत मोठी कष्टाची. कांचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि लेप वाळण्यापूर्वीं अंधारांत नेऊन चित्र उमटवावयाचें. देवळें व लेणीं हालत नसत, सरदार-सावकारही दम धरून बसत; पण चिमणीला कोण बसविणार? १८७१ सालीं इंग्लंडांत डॉ. मॅडॉक्स यांनीं कोरड्या कांचेची युक्ति काढली, आणि पुढें तीत सुधारणा होत गेल्यावर कॅमेरा रानांत नेणें शक्य झालें. १८९२ मध्यें कीअर्टन बंधूंनीं तेथें घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें तर पोकळ कृत्रिम बैलाच्या पोटांत लपूनही त्यांनीं पक्षी टिपले.

मुंबईंत याच सुमारास निराळा उद्योग चालूं होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं राणीच्या बागेलगतच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियमांत निसर्गाची आवड असलेले कांहीं गृहस्थ जमले व त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. संस्थापकांत दोन हिंदी डॉक्टर होते : प्रार्थनासमाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. ज्या वास्तूंत ही सभा भरली, तिला १९७५ सालीं भाऊ दाजी लाड यांचेंच नांव देण्यांत आलें, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

त्या काळीं पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो मारून हातांत घ्यावयाचा. चांगल्या दुर्बिणी दुर्मिळ, सोपीं सचित्र पुस्तकें नाहींत. तेव्हां पक्षी टिपून, त्याचें कातडें भरून, चिठ्ठी बांधून कपाटांत ठेवणें हीच शास्त्राची पद्धति होती. तिला निव्वळ क्रौर्य म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु तिची किंमत पक्ष्यांनीं दिली, हेंही नाकारतां येणार नाहीं.

गिरगांवानजीक खेतवाडींत वाढलेल्या एका अनाथ मुलाच्या चरित्रांत हा सारा इतिहास एकवटला आहे. सलीम अली यांचा जन्म १८९६ चा. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरीं खेळण्यांतली हवेची बंदूक त्यांच्या हातीं आली. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्यांनीं एक नोंद लिहून ठेविली. तबेल्यांत चिमणीचें घरटें होतें. मादी अंड्यांवर, नर बाहेर राखणीला. गाडीआड दडून मुलानें नर टिपला. मादीनें दुसरा नर आणला, तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर पडले. पुढें गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी ओळखेना, म्हणून मामांच्या सल्ल्यानें ती घेऊन हा मुलगा सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे गेला. मिलार्डनीं तिचें नांव सांगितलें व भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें उघडून दाखविलीं. त्या दिवसापासून मुलाचें आयुष्य पालटलें.

१९३० सालीं बर्लिनहून शिक्षण घेऊन परतलेल्या सलीम अलींची म्यूझियममधली नोकरी गेली आणि ते अलीबागेजवळ किहीमला राहूं लागले. तेथें सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडाच्या आडोशांत बसून त्यांनीं तिचें निरीक्षण केलें. नर अर्धींमुर्धीं घरटीं विणतो, मादी तीं पारखते, पसंत पडल्यावरच घरटें पुरें होतें, आणि मग तोच नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. खेतवाडींत गाडीआड दडणारा मुलगा आणि किहीमला कापडाआड दडणारा शास्त्रज्ञ यांची दृष्टि एकच. मात्र येथें ज्ञानासाठीं प्राण घ्यावा लागला नाहीं. पुढील सफरींत नमुन्यांसाठीं त्यांनीं बंदूक वापरली, हें खरें. परंतु आडोशाची महती किहीमला सिद्ध झाली.

या आडोशांत कॅमेरा आणून बसविणाऱ्यांपैकीं एक होते लोक वान थो. १९४२ मध्यें सिंगापूर पडतांना त्यांचें जहाज बॉम्बहल्ल्यांत बुडालें. ते भाजले, कांहीं काळ दृष्टीही गेली. बरे होऊन ते हिंदुस्थानांत आले, मुंबईंत सलीम अलींचे स्नेही झाले व पक्ष्यांचे नामांकित छायाचित्रकार ठरले. दृष्टि गमावून पुन्हां मिळविलेल्या मनुष्यानें ती पक्ष्यांवर खर्च करावी, यांत कांहींएक औचित्य आहे.

कॅमेरा बंदुकीहून सौम्य खरा, पण निर्दोष नव्हे. चित्रांत उजेड यावा म्हणून घरट्याभोंवतींचीं पानें दूर केलीं, तर तेंच घरटें उन्हाला व कावळ्याला उघडें पडतें. मनुष्य जवळ घुटमळला, तर मादी अंडीं सोडून जाते. म्हणूनच जाणते छायाचित्रकार आज घरट्यांचीं चित्रें घेण्याचें टाळतात.

परळ-लालबागपासून थोड्याच अंतरावरील शिवडीच्या चिखलांत १९९० नंतरच्या दशकापासून हिंवाळ्यांत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, येऊं लागले. १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला अटल सेतु याच किनाऱ्यावरून न्हावाशेव्याकडे जातो. येथें पक्षी पाहावयाचे तर आधीं भरती-ओहोटीचें वेळापत्रक पाहावें लागतें; पाणी चढूं लागलें कीं थवे आपण होऊन किनाऱ्याकडे सरकतात. ज्याला वाट पाहतां येते, त्याच्याकडे पक्षी स्वतः चालत येतो. त्याच्यामागें धांवणाऱ्याच्या वाट्याला उडालेली पाठ येते. खेतवाडीच्या तबेल्यापासून शिवडीच्या चिखलापर्यंतच्या शंभर-सव्वाशें वर्षांत मुंबईकर जें शिकला, तें एवढेंच आहे. आणि तें थोडें नाहीं.