नवापूर, २००६ : सव्वातीन केबीचा घोळ

बर्ड फ्लू म्हटलं की आपल्याला हाँगकाँग, व्हिएतनाम वगैरे आठवतं. पण भारतात तो पहिल्यांदा सापडला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. तारीख १८ फेब्रुवारी २००६. नवापूर म्हणजे तेच, ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. (विषाणूला कसली आलीये हद्द? पलीकडे उच्छलमध्येही तो निघालाच.)

त्याआधी बरेच दिवस पोल्ट्रीत कोंबड्या मरत होत्या. सगळ्यांना वाटलं, राणीखेत असणार, म्हणजे आपली मानमोडी. गंमत बघा, १९१८ च्या फ्लूच्या साथीलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणायचे. राणीखेतचा विषाणू मात्र वेगळ्या घराण्यातला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं नमुने तपासले आणि उत्तर आलं : एच५एन१.

आता हा प्राणी नक्की आहे तरी काय? खरं तर 'प्राणी' म्हणणंच चुकीचं. साधारण १०० नॅनोमीटरचा गोळा, बाहेर चरबीचं पातळ आवरण, आत आरएनएचे आठ तुकडे. सगळी मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास अक्षरं. एका अक्षराला दोन बिट धरले तर होतात जेमतेम सव्वातीन केबी! आपल्या ऑफिसच्या ईमेलची सहीसुद्धा याहून मोठी असते. स्वतःचं मशीन नाही, खाणं-पिणं नाही. पेशीत शिरायचं आणि तिच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती काढून घ्यायच्या. बरं, प्रत काढताना चुका तपासायची सोय नाही, त्यामुळे रोज नवी आवृत्ती. आणि एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू घुसले तर आठ तुकड्यांची अदलाबदलही होते.

आवरणावर दोन प्रथिनं. 'एच' हे पेशीत शिरण्यासाठी आणि 'एन' हे बाहेर पडताना सुटका करून घेण्यासाठी. शिरण्याआधी 'एच' एका ठिकाणी कापलं जावं लागतं. साध्या बर्ड फ्लूत ते कापणारी एन्झाइम्स पक्ष्याच्या आतड्यात आणि श्वासमार्गातच असतात. एच५एन१च्या या घातक जातीत त्या जागेची चार-पाच अक्षरं... म्हणजे अमिनो आम्लं हो... अशी बदललीयेत की शरीरातल्या कुठल्याही पेशीतलं एन्झाइम ते कापू शकतं. झालं! मेंदू, काळीज, सगळीकडे. म्हणून शेडच्या शेड आडवी होते.

माणसाच्या नाकाघशातल्या पेशींवरची कडी मात्र या 'एच'ला नीट बसत नाही. पुण्याच्या एनआयव्हीसह इतर प्रयोगशाळांनी नवापूरच्या लोकांचे नमुने तपासले, एकातही तो सापडला नाही.

कोंबड्यांना ही सवलत नव्हती. लाखो मारून पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्हाही यादीत आला. आणि चिकन नीट शिजवलं की विषाणू मरतो, हे कितीही सांगितलं तरी गिऱ्हाईक फिरकेना.

मला मात्र जिल्ह्याचं दुसरं टोक आठवतं. अक्कलकुवा, वर सातपुड्यात. तिथे शेड नाही, अंगणात दहा-बारा कोंबड्या. औषधपाणी, शाळेची वही, पाहुणा, सगळं त्यांच्यावर. पोल्ट्रीवाल्याकडे पक्ष्यांची नोंदवही तरी असते. अंगणातल्या कोंबड्या कोण मोजणार, आणि कुठल्या कागदावर भरपाई मागणार?

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या शेडमध्ये पुन्हा बर्ड फ्लू निघाला. पुन्हा खड्डे, पुन्हा लाखो कोंबड्या.