वळिवड्याची पोरकी मुले व त्यांचे सांभाळकर्ते

महोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास यावा हे रास्तच आहे, व तो इतर पानांवर आलेलाही आहे. परंतु परमुलखातील अनाथ बालकांसाठी म्हणून देवळात जी झोळी फिरते, तीत आपण सर्वच जण यथाशक्ति काही ना काही टाकतो. आणि ज्यांच्या हाती ते द्रव्य पडते ते लोक पहाटेपासून रात्रीपर्यंत नेमके काय करितात, याचा विचार मात्र क्वचितच करितो. "परदेशी अनाथांची सेवा" असे शब्द कानी पडले की आमच्या डोळ्यांपुढे एखादी धर्मभगिनी व तिच्या मांडीवर हसरे बालक, असे एक चित्र उभे राहते. चित्रात कोणी दमत नाही, कोणी चिडत नाही, व कोणाच्या डोक्यात उवाही नसतात. म्हणून वाचकांपुढे आज एक खरी हकिकत ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. मुले पोलंड देशाची; पण त्यांचे पोरकेपण बरेचसे आपल्याच मुलखात सरले. प्रथम मुंबईच्या वांद्र्यास, मग काठेवाडात बालाचडीस, आणि अखेर कोल्हापुराजवळ वळिवड्यास.

सन १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून व रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळिला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट तितकी ठाऊक नाही. सन १९४० च्या फेब्रुवारीपासून पुढे दीड वर्षपर्यंत पूर्व पोलंडातील लक्षावधि माणसे, शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, शिपाई, बायकामुलांसकट गुरांच्या डब्यांत कोंडून सैबेरिया व कझाकस्तान येथे नेण्यात आली. सन १९४१ च्या जुलैत रशियाशी करार होऊन त्यांची सुटका झाली खरी, पण सुटका म्हणजे घरवापसी नव्हे. दक्षिणेस पोलिश सैन्य उभारले जात आहे एवढे ऐकून हे लोक उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तानाकडे लोटले, आणि तेथे भूक व प्रलापक ज्वर यांनी त्यांस गाठले. आया मेल्या. ज्या जिवंत होत्या त्यांतील कित्येकींनी, निदान लेकरू तरी वाचेल, म्हणून आपल्या हातांनी ते अनाथालयाच्या दारी नेऊन सोडिले. यास्तव या मुलांस सरसकट "अनाथ" म्हणणे बरोबर नाही. कोणाचा बाप फौजेत होता, कोणाची आई मागे राहिली होती, आणि कोण कोठे आहे हे पुष्कळांस ठाऊकच नव्हते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. सांभाळकर्त्यांचे अर्धे काम व बहुतेक सर्व दुःख हिच्यातूनच निघाले.

हिंदुस्थानात आलेली पहिली तुकडी सन १९४२ च्या वसंतात अश्गाबाद येथून निघाली. मदतीचे सामान घेऊन गेलेल्या मोटारींतूनच परतीच्या वेळी मुलांस बसविले. मशहद, झाहिदान, क्वेट्टा असा डोंगर व वाळवंट यांतून जाणारा मार्ग. त्यांच्याबरोबर हांका ओर्दोनुव्ना ही बाई होती. वॉर्सा शहरातील नाट्यगृहे जिच्या गाण्याने भरून जात ती ही गायिका. रशियाच्या श्रमछावणीत राहून आलेली, व क्षयाने पोखरलेली. आम्ही तिचे नाव मुद्दाम घेत आहो, कारण अनाथांची सेवा करणारे सर्वच काही दीक्षित संन्यासी नसतात. हिला पूर्वीचा अनुभव कसला, तर रंगभूमीचा. मोटारीत ओकणारी, जुलाब होणारी, डोकी भादरलेली मुले, व त्यांस शांत ठेवण्यास एक गाणे. एवढीच तिची सामग्री.

उपासमार झालेल्या मुलास भरपूर जेवू घालणे हे पुण्य नव्हे, तो घात आहे. इराणातील पहलवी बंदरात उतरलेल्या या लोकांपैकी कित्येकांनी सुटकेच्या आनंदात मांसाचा चरबीयुक्त रस पोटभर खाल्ला व त्यानेच ते मेले. तेव्हा सांभाळ करणाऱ्या बाईचे पहिले कर्तव्य कोणते, तर भुकेल्या मुलाच्या तोंडातून भांडे काढून घेणे. हे ज्याला जमेल त्यानेच या मार्गास लागावे.

वांद्र्यास समुद्राजवळच्या एका बंगल्यात सुमारे तीन महिने काढून ही मुले जुलैत बालाचडीस गेली. नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या समुद्रकाठच्या वाड्याजवळ त्यांच्यासाठी छावणी वसविली होती. जामसाहेब हिंदु, मुले कॅथोलिक, व छावणीचे प्रमुख फादर फ्रान्चिशेक प्लुता हे धर्मगुरू. तुम्ही आजपासून पोरकी नव्हे, नवानगरची प्रजा आहा व मी तुमचा बापू आहे, अशा अर्थाचे जामसाहेब मुलांस बोलले, असे तेथे वाढलेली माणसे म्हातारपणीही सांगत. त्याहून आम्हांस मोठे वाटते ते असे की, या बापूने त्यांस आपल्यासारखे करून टाकण्याचा यत्न केला नाही. छावणीत पोलंडचे निशाण फडके, शाळा पोलिश भाषेत भरे, मिस्सा होई. दुसऱ्याचे लेकरू सांभाळताना त्याचे जे आहे ते त्याच्याकडेच राहू द्यावे, ही समज पुष्कळ सज्जनांसही नसते.

आता रोजचा दिवस. सकाळी प्रार्थना व निशाणास वंदन, मग न्याहरी, मग शाळा. पुस्तके आरंभी जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे शिक्षिका आठवणीतून सांगत व मुले लिहून घेत. इतिहास, कविता, भूगोल, सर्व एका बाईच्या डोक्यात जेवढे शिल्लक असेल तेवढे. दुपारी ऊन मी म्हणे. सायंकाळी समुद्रस्नान, चेंडूचे खेळ, बालवीरांची कवाईत. आणि निजावयाच्या वेळी एकेक मच्छरदाणी नीट खोचलेली आहे की नाही हे पाहात सबंध बराकीतून फिरणे, कारण हिवतापास दया नाही.

खरे काम येथून पुढे सुरू होई. दिवसा हसणारे मूल रात्री किंचाळत उठे. उशीखाली भाकरीचे तुकडे सापडत. समोर ताट रोज येत असताही उद्याची खात्री नसल्यामुळे मुले पाव लपवून ठेवीत, त्यास बुरशी येई, मुंग्या लागत. ते तुकडे काढून टाकावे तर मूल रडे, न काढावे तर रोग. अशा वेळी रागावून चालत नसे, आणि रोज रात्री न रागावणे ही काय चीज आहे ते चार मुलांच्या आईस विचारावे. येथे एकेका बाईपाशी चाळीस असत तरी नवल नव्हे. शिवाय ती बाई तरी कोण? तीही त्याच गुरांच्या डब्यातून आलेली. तिचीही माणसे कोठेतरी बर्फात पुरलेली. तिला रडावयास वेळ मुलांच्या निजेनंतरचा.

एक हलकी गोष्टही सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील की छावणीत अश्रूंशिवाय काही नव्हते. मुलांस पालकाची भाजी वारंवार मिळू लागली, ती त्यांस आवडेना, आणि त्यांनी जेवणाविरुद्ध चक्क संप पुकारिला. ही वार्ता जामसाहेबांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी ती भाजी बंद करण्याचा हुकूम सोडिला, असे सांगतात. व्यवस्थापकांस हे कितपत रुचले असेल याची आम्हांस शंका आहे. पण जे मूल दोन वर्षांपूर्वी गवत उकडून खात होते, ते आता भाजी नको म्हणते, याहून प्रकृति सुधारल्याची निराळी खूण कोणती पाहिजे?

वळिवड्याची छावणी सन १९४३ त उघडली. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील हे लहानसे ठिकाण, पंचगंगेच्या खोऱ्यात. येथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. बहुतेक बायका, मुले व वृद्ध, कारण पुरुष लढाईवर होते. दगडी जोत्यावर बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती व वर कौले, अशा लांबच लांब बराकी. देऊळ, इस्पितळ, शाळा, टपाल, नाटकगृह, आणि अनाथ मुलांसाठी वेगळे गृह. भोवतालच्या गावांतून भाजी, दूध, अंडी घेऊन येणारे विक्रेते कामापुरती पोलिश भाषा बोलू लागले होते. क्षयाची बाधा झालेल्यांस पांचगणीच्या हवेत पाठवीत. बालाचडी सन १९४६ त बंद झाल्यावर तेथील उरलेली मुलेही येथेच आली.

नाताळच्या आदल्या रात्री पोलिश घरांत पहिला तारा दिसल्यावर पातळ पोळीसारखी एक पवित्र भाकर वाटून खातात, व मेजावर एक ताट रिकामे मांडून ठेवितात. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ही चाल जुनी आहे. परंतु ज्या मेजाभोवती पोरकी मुले बसली आहेत, तेथे ते रिकामे ताट मांडणाऱ्या बाईने काय करावे? प्रत्येक मूल त्या ताटावर आपापले माणूस बसवीत असणार.

या ताटाची दुसरी बाजू म्हणजे कचेरीतील नोंदवही. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मगाव, शेवटची भेट कोठे. लहान मुलांस आपले वयही सांगता येत नसे. आडनाव कानास लागले तसे लिहिले गेलेले असे. एक अक्षर चुकले तर शोध घेणाऱ्या बापास आपले मूल सापडावयाचे नाही. म्हणून रेडक्रॉसला पत्रे, फौजेला पत्रे, इराणातील व आफ्रिकेतील छावण्यांना पत्रे. उत्तरे येत, ती सर्वच आनंदाची नसत. सन १९४४ च्या मे महिन्यात इटलीत मोन्ते कॅसिनोच्या डोंगरावर पोलिश फौजेने विजय मिळविला, तेव्हा छावणीत अभिमानही होता आणि टपालाची धास्तीही. ज्यांचे बाप सन १९४० त रशियाच्या हुकुमाने कातिन व इतर ठिकाणी मारलेल्या सुमारे बावीस हजार लोकांत होते, त्यांच्या पत्रांस तर उत्तरच नव्हते. झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा तरुण अधिकारी त्याच बंदिवानांतून दैवयोगाने वाचला होता. वळिवड्यास त्याने बालवीरांचे काम पाहिले. पुढे सन १९५४ त त्यास गुरुदीक्षा मिळाली, व कातिनच्या मृतांच्या कुटुंबांची सेवा हेच त्याचे जन्माचे कार्य झाले.

आता सर्वांत अवघड भाग. ही सर्व खटपट चालली होती ती मुले एके दिवशी घरी जातील या भरवशावर. सन १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे मोठ्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियास देऊन टाकिला, म्हणजे नोंदवहीतील बहुतेक जन्मगावे पोलंडात उरलीच नाहीत. जुलैत इंग्लंड व अमेरिकेने वॉर्सातील नव्या सरकारास मान्यता दिली. नवे सरकार म्हणू लागले, आमची मुले परत द्या. कायद्याने पाहता हे म्हणणे पोकळ नव्हते. मुलाने मायदेशी जावे, त्याचे कोणी नातलग जिवंत असल्यास त्यांस ते मिळावे, याला नाही कोण म्हणेल? पण ज्या राजवटीने ती मुले पोरकी केली तिच्याच छायेत ती परत पाठवावी काय? फादर प्लुता यांनी नाही असे ठरविले. ते, जामसाहेब व इंग्रज अधिकारी क्लार्क यांनी कित्येक मुलांचे पालकत्व कायदेशीररीत्या आपणांकडे घेतले, व फादर त्यांतील काहींस घेऊन अमेरिकेस गेले. त्यांस मुले पळविणारा म्हणून दूषण देण्यात आले.

हे एकट्या हिंदुस्थानातच घडले असे नव्हे. आफ्रिकेत टांगानिकातील तेंगेरू छावणीच्या सुमारे दीडशे मुलांस फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर लुत्स्यान क्रुलिकोव्स्की यांनी सन १९४९ त इटलीमार्गे कॅनडास नेले, तेव्हाही तोच गिल्ला झाला. हे फादर पुढे मॉन्ट्रियालला राहून ती मुले पायांवर उभी राहीतो त्यांचे पालक राहिले.

या लोकांनी केले ते सर्वथा बरोबरच होते, असे आम्ही छातीस हात लावून म्हणू शकत नाही. एखाद्या मुलाची आई खरोखरच मागे जिवंत असेल, आणि तिला लेकराचे दर्शन उशिरा घडले असेल. परंतु ज्याने चार-सात वर्षे रात्री बराकीतून फेऱ्या मारल्या, त्यासच हा प्रश्न सोडविणे प्राप्त झाले, आणि निर्णय न घेणे हाही एक निर्णयच होता.

सन १९४८ त वळिवडे रिकामे झाले. पुष्कळ माणसे इंग्लंडात आपल्या सैनिक नातलगांकडे गेली. काही पोलंडास परतली. काही लेबनान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी पांगली. हांका ओर्दोनुव्ना यांपूर्वीच लेबनानात गेली होती. त्या भटक्या मुलांविषयीचे तिचे पुस्तक सन १९४८ त बैरुतला छापले गेले, पण त्यावर तिने आपले प्रसिद्ध नाव घातले नाही, दुसरेच घातले. सन १९५० त ती तेथेच वारली.

छावणीच्या जागी फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबे येऊन राहिली. आज त्या वस्तीस गांधीनगर म्हणतात, व कापडाच्या घाऊक व्यापारासाठी कोल्हापूरकर तीस ओळखतात. सन २०१९ च्या सप्टेंबरात छावणीतील काही मुले, आता ऐशी वर्षांच्या पुढची, वळिवड्यास येऊन गेली. कोल्हापुरात ख्रिस्ती दफनभूमीत जी पोलिश माणसे परत जाण्यापूर्वीच वारली त्यांच्या कबरी आहेत.