हाकेची वाट

गेल्या पावसाळ्यात आंबा घाटात आमची गाडी रस्ता सोडून चरात उतरली. धुके इतके होते की आपलाच हात आपल्याला दिसू नये. मागे बसलेल्या थोरल्या वहिनींचा उजवा हात मोडला होता आणि त्या माउलीला चिंता कसली, तर डब्यातले लाडू सांडले याची! मी मोबाइल काढला. रेघा साऱ्या पुसलेल्या. आमच्या कंपनीचा मनोरा कुठेतरी डोंगराआड राहिला होता. पडद्यावर एवढीच अक्षरे होती : ‘फक्त आपत्कालीन कॉल’. जिथे साधा फोन लागत नाही तिथे आपत्कालीन कसा लागावा? तरी बुडत्याला काडीचा आधार म्हणून ११२ दाबला. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. मी भांबावून काहीबाही सांगू लागलो, तोच तिने विचारले, “आंबा घाटातून बोलताय का?”

रुग्णवाहिका आली, हात प्लास्टरात गेला, पुढे बराही झाला. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मी कुठे आहे हे त्या बाईला कोणी सांगितले? या प्रश्नाचा माग काढीत निघालो, तो थेट १९३५ सालच्या लंडनमध्ये जाऊन पोहोचलो.

त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला तेथल्या विम्पोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरांच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया प्राणास मुकल्या. समोरच्या एका गृहस्थांनी ती आग पाहताच फोन उचलला होता. त्या काळी मदतीसाठी शून्य फिरवून एक्स्चेंजमधल्या बाईला सांगायचे, असा रिवाज होता. पण तिच्यापुढे कुणाचे वाढदिवसाचे निरोप, कुणाची दुकानाची चौकशी, असे अनेक दिवे एकाच वेळी लुकलुकत असत. यातला कोणता दिवा जीवन-मरणाचा, हे तिने ओळखावे कसे? गृहस्थ ताटकळत राहिले. पुढे त्यांनी ‘टाइम्स’ पत्राला संतापाचे पत्र धाडले, चौकशी समिती बसली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा पेटे आणि भोंगा असा कर्कश वाजे की, एका मुलीने म्हणे त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडूच कोंबला!

नऊच का, याचेही कारण मोठे व्यवहारी आहे. तबकडीवर नऊचे भोक शेवटच्या शून्याला लागून; धुरात किंवा अंधारातही बोटाने चाचपून ते सापडावे. शिवाय नाणे न टाकता नऊ फिरवता येईल, अशी दुरुस्ती सार्वजनिक फोनच्या पेटीत सहज करता येत होती. न्यूझीलंडने १९५८ साली १११ हा क्रमांक घेतला. हा निराळा वाटतो; पण तेथल्या तबकडीवरचे आकडे उलटे मांडलेले. तिथला एक फिरवला की तारेतून ठोके नऊच जात! म्हणजे आकडा कोणताही लिहा, तारेला कळत होती ती एकच गोष्ट : ही हाक निराळी आहे.

पुढे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेत अलाबामातील हेलीव्हिल गावात पहिला ९११ वाजला. युरोपाने १९९१ साली सर्व देशांसाठी ११२ ठरवला. मात्र तारेच्या फोनला एक मोठे सुख होते. तार ज्या भिंतीत शिरली तेच त्या फोनचे घर. मोबाइल आला आणि माणसाचे घर त्याच्या खिशात फिरू लागले.

आता तर तारेतला सलग आवाजही राहिला नाही. आपल्या बोलण्याचे बारीक तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता डकवून, इंटरनेटच्याच रीतीने ते पाठवले जातात. आपला साधा फोन अशा वेळी आधी आपल्या कंपनीच्या दप्तरात हजेरी लावतो. सोलापूरचा माणूस म्युनिकला गेला, तरी त्याच्या साध्या फोनची बोलणी बहुधा मायदेशच्या कंपनीच्या यंत्रांमार्फतच व्हायची. मग त्याने तिथे संकटात ११२ लावला तर हाक हिंदुस्थानात यायची की काय?

इथेच या विद्येतल्या जाणत्यांनी शहाणपण दाखवले. आपण ११२ दाबताच खुद्द फोनच तो आकडा ओळखतो. ओळखण्याची यादी त्याच्या पोटात असते, सिमकार्डात असते, आणि परमुलखात गेल्यावर तिथले जाळेही आपली यादी त्याला देते. मग फोन चक्क आकडा बाजूला ठेवतो आणि पत्त्याच्या जागी ‘एसओएस’ ही खूण लिहितो. २००८ साली ठरलेली ही खूण कोणत्याही देशाच्या जाळ्याला कळते. त्या हाकेला हवेतून आणि पुढच्या वाटेवरही अग्रक्रम मिळतो. ती मायदेशी जात नाही. तिथल्या तिथे आपत्कालीन हाकांसाठी ठेवलेल्या यंत्राकडे जाते. ते यंत्र दुसऱ्या एका यंत्राला विचारते, ‘हा कोणत्या मनोऱ्याखाली उभा आहे?’ आणि त्या मुलखाच्या मदत-केंद्राकडे हाक सोपवते. शिवाय, आपली कंपनी जवळ नसेल तर फोन शेजारच्या कंपनीचा मनोरा धरतो आणि तोही अशा वेळी ‘तू कोणाचा?’ असे विचारीत नाही. घाटात आमचे तेच झाले.

पण या व्यवस्थेची एक नाजूक नसही आहे. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टस या कंपनीचे जाळे देशभर कोसळले. नियम असा की, मागचे जाळे तुटले तर मनोऱ्याने गप्प व्हावे, म्हणजे फोन दुसऱ्याचा मनोरा शोधतील. काही मनोरे गप्प झालेच नाहीत. फोन त्यांना विश्वासाने धरून बसले आणि २१४५ माणसांची हाक कुठेच पोहोचली नाही. विम्पोल स्ट्रीटवरच्या गृहस्थांसारखीच तीही ताटकळली. फरक इतकाच की, पलीकडे आता गांगरलेली बाईसुद्धा नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच कंपनीत एका दुरुस्तीच्या वेळी पुन्हा शेकडो हाका अडल्या आणि त्यात माणसे गेली.

आपल्याकडे पोलिसांना १००, आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०२, अशी पाठांतराची शिक्षा होती. २०१६ साली सरकारने नियम काढला की, २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर संकटाची कळ हवी. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशाने पहिल्यांदा ११२ ची एकत्र व्यवस्था उभी केली. आता महाराष्ट्रातही एकच आकडा पुरतो.

परवा वहिनी करंज्या लाटीत बसल्या होत्या. हात अजून थोडा दुखतो. मी त्यांना हा सारा इतिहास ऐकवला. त्या म्हणाल्या, “भावजी, यंत्राने यंत्राला विचारलं ते ठीकच, पण ‘घाबरू नका, फोन ठेवू नका’ असं म्हणाली ती कोणाची तरी मुलगीच ना? ती दिवाळीतही कामावरच असेल.”

खरेच, असेल. वाचकहो, आज आपल्या दारी पणत्या लागतील तेव्हा कानाशी फोन लावून बसलेल्या त्या मुलीच्याही नावाने एक पणती लावू या.