कोलोसियम

कोलोसियम : इटलीची राजधानी रोम येथील प्राचीन ॲम्फिथिएटर, म्हणजे लंबवर्तुळाकार रिंगणाच्या सभोवार चढत्या पायऱ्यांची आसने रचलेले उघडे क्रीडागार. रोमन साम्राज्यात उभारलेल्या अशा इमारतींत ही सर्वांत मोठी होय. पॅलटाइन, एस्क्विलाइन आणि सीलियन या टेकड्यांमधील सखल जागी ती उभी आहे. फ्लेव्हियन घराण्यातील सम्राटांनी ती बांधली म्हणून तिला ‘फ्लेव्हियन ॲम्फिथिएटर’ असेही म्हणतात. आजचे नाव मध्ययुगात रूढ झाले असून, शेजारी एके काळी उभ्या असलेल्या सम्राट नीरोच्या प्रचंड ब्राँझ पुतळ्यावरून ते आले, असे बहुतेक विद्वान मानतात. ही इमारत ज्या प्राचीन शहरात आहे त्या शहराच्या ऐतिहासिक भागाला १९८० मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

बांधकामाचा इतिहास : इ. स. ६४ मधील भीषण आगीनंतर रोमच्या मध्यभागातील मोठा मुलूख नीरोने आपल्या सुवर्णप्रासादासाठी घेतला आणि या सखल जागेवर एक कृत्रिम तलाव खोदवला. नीरोच्या मृत्यूनंतर माजलेल्या यादवीतून जो व्हेस्पेशियन सत्तेवर आला, त्याने हा तलाव बुजवून तेथे सार्वजनिक क्रीडागार बांधण्याचा हुकूम दिला. एका राजाच्या विलासाची जमीन प्रजेच्या करमणुकीसाठी परत देण्यात त्याचे राजकीय शहाणपण दिसते. काम इ. स. ७२ च्या सुमारास सुरू झाले. खर्चासाठी लढाईतील लुटीचा पैसा वापरला गेला, असे इमारतीतील एका शिलालेखाच्या पुनर्वाचनावरून दिसते आणि ही लूट इ. स. ७० मध्ये जेरूसलेमचा पाडाव करून मिळवलेली असावी, असे संशोधक मानतात. व्हेस्पेशियनचा पुत्र टायटस याच्या कारकीर्दीत, इ. स. ८० मध्ये, शंभर दिवसांच्या खेळांनी तिचे उद्घाटन झाले. टायटसचा भाऊ डोमिशियन याने वरचा मजला आणि रिंगणाखालील तळघरे यांची भर घातली.

रचना : इमारतीची लांबी सुमारे १८८ मी., रुंदी १५६ मी. व उंची ४८ मी. असून रिंगण सुमारे ८३ मी. लांब व ४८ मी. रुंद आहे. बाहेरची भिंत तिवोलीजवळच्या खाणींतून आणलेल्या ट्रॅव्हर्टीन या पांढुरक्या चुनखडीची आहे. तिचे चिरे चुन्याने सांधलेले नसून लोखंडी चापांनी एकमेकांस जखडलेले होते. आतील भागात टफ नावाचा मऊ ज्वालामुखी दगड, विटा आणि रोमन काँक्रीट यांचा उपयोग केला आहे. दर्शनी भागात एकावर एक अशा कमानींच्या तीन रांगा असून त्यांच्या बाजूंचे अर्धस्तंभ खालून वर अनुक्रमे टस्कन, आयोनिक व कॉरिंथियन शैलीचे आहेत. चौथ्या मजल्यावर भरीव भिंत व सपाट भित्तिस्तंभ आहेत. या मजल्याच्या माथ्यावर २४० खांब रोवण्याची सोय होती व त्यांच्या आधाराने प्रेक्षकांवर कापडी चांदवा पसरला जाई. त्याच्या दोरखंडांचे काम आरमारातील खलाशांकडे असे.

सुमारे ५०,००० माणसांच्या गर्दीचा बंदोबस्त या वास्तूच्या आराखड्यातच करून ठेवलेला आहे. तळमजल्यावरील ८० कमानींपैकी ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते आणि प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या दरवाजाने शिरून, ठरलेल्या जिन्याने ठरलेल्या आसनाकडे जावे, अशी तजवीज होती. उरलेले चार दरवाजे सम्राट, मानकरी व खेळाडू यांच्यासाठी राखीव होते. रिंगणालगत सिनेटर, त्यांच्यामागे सरदार वर्ग, त्यावर सामान्य नागरिक आणि अगदी वर लाकडी बाकांवर स्त्रिया व गोरगरीब, असा बैठकीचा दंडक असल्यामुळे रोमन समाजातील उच्चनीचतेची उतरंड येथे दगडात मांडलेली दिसते.

खेळ : दिवसाचा कार्यक्रम सामान्यतः सकाळी हिंस्र श्वापदांची शिकार, दुपारी गुन्हेगारांना देहान्त शासन आणि नंतर ग्लॅडिएटरांची द्वंद्वे, अशा क्रमाने चाले. ग्लॅडिएटर बहुधा गुलाम, युद्धकैदी वा शिक्षा झालेले गुन्हेगार असत, तरी काही स्वेच्छेनेही या पेशात शिरत. रिंगणाच्या लाकडी जमिनीखाली दुमजली तळघर होते. तेथे गुलाम रहाट फिरवून पिंजरे व देखावे वर उचलत आणि झडपा उघडताच श्वापद अकस्मात प्रेक्षकांसमोर प्रकट होई. उद्घाटनाच्या खेळांत ९,००० जनावरे मारली गेली, असे कॅशियस डायो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती हुतात्म्यांचा येथे वध झाल्याची श्रद्धा दृढ आहे. परंतु तिला समकालीन निश्चित पुरावा मिळालेला नाही.

उत्तरकाल : इ. स. २१७ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीने इमारतीची मोठी हानी झाली व तिची दुरुस्ती अनेक वर्षे चालली. ग्लॅडिएटरांची द्वंद्वे पाचव्या शतकात बंद पडली. जनावरांच्या शिकारी मात्र इ. स. ५२३ पर्यंत चालू असल्याची नोंद आहे. बाराव्या शतकात फ्रांजिपाने या सरदार घराण्याने तिचा किल्ल्यासारखा उपयोग केला. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडील बाहेरची भिंत कोसळली आणि तिचे चिरे पुढे रोममधील वाडे व चर्चे यांच्या कामी लागले. चिऱ्यांतील लोखंडही लोकांनी उकरून नेले, त्याची भोके भिंतीवर सर्वत्र दिसतात. अठराव्या शतकाच्या मध्यास पोप चौदावा बेनेडिक्ट याने ही जागा ख्रिस्ताच्या यातनांच्या स्मरणार्थ पवित्र ठरवल्यामुळे दगडांची लूट थांबली. एकोणिसाव्या शतकात पोपांच्या हुकमाने स्टेर्न व व्हालाद्येर या वास्तुविशारदांनी खचणाऱ्या टोकांना टेकूभिंती दिल्या. भग्न भिंतींवर वाढलेल्या ४२० वनस्पतींची नोंद रिचर्ड डीकिन या इंग्रज वैद्याने १८५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तळघरांचे उत्खनन त्या शतकाच्या उत्तरार्धात व पुन्हा १९३० नंतरच्या दशकात झाले. उत्तरेकडील दर्शनी भागाची अलीकडील सफाई व दुरुस्ती २०१६ मध्ये पुरी झाली.

प्रवाशांसाठी : भुयारी रेल्वेचे ‘कोलोसेओ’ हे स्थानक इमारतीच्या समोरच आहे. प्रवेशपत्रावर नाव व वेळ नोंदलेली असते, म्हणून ते आगाऊ घ्यावे आणि ओळखीचा दाखला जवळ बाळगावा. त्याच प्रवेशपत्रावर रोमन फोरम व पॅलटाइन टेकडीही पाहता येते. रिंगण व तळघरे यांसाठी मात्र निराळे प्रवेशपत्र लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशी गर्दीमुळे निवांतपणे पाहणे कठीण जाते. उन्हाळ्यात आत सावली थोडी असल्याने सकाळची वेळ व सोबत पाणी या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. भिंतीवर नाव कोरणे हा तेथील कायद्याने दंडनीय गुन्हा आहे.

आत शिरण्यापूर्वी इमारतीला एक प्रदक्षिणा घालणे हितावह ठरते; उत्तर बाजूच्या शाबूत कमानींवर २३ पासून ५४ पर्यंतचे रोमन अंक वाचता येतात आणि दक्षिणेस बाहेरची भिंत नाहीशी झाल्यामुळे आतील बांधणीचा छेद आपोआप समोर येतो. पश्चिमेस इ. स. ३१५ मधील कॉन्स्टंटाइनची कमान असून पूर्वेस लुडुस मॅग्नुस या ग्लॅडिएटरांच्या तालीमखान्याचे अवशेष रस्त्यावरूनच दिसतात. आत गेल्यावर प्रथम वरच्या मजल्यावरून संपूर्ण आकार डोळ्यांत साठवावा व मग शक्य असल्यास तळघरांत उतरावे. वरून दिसते ते स्थापत्याचे वैभव आणि खाली, अरुंद अंधाऱ्या बोळांतून, त्या वैभवाची किंमत मोजणाऱ्या माणसांचे व मुक्या जनावरांचे जिणे उमगते. ज्या राज्ययंत्राने पन्नास हजार माणसांना आपापल्या जागी नेऊन बसवण्याची इतकी निर्दोष योजना केली, त्यानेच मृत्यूलाही वेळापत्रकात बसवले. ही दोन्ही सत्ये एकत्र ध्यानात घेणाऱ्यालाच कोलोसियम खऱ्या अर्थाने पाहिल्याचे समाधान मिळते. म्हणून येथे येणाऱ्याने किमान अर्धा दिवस राखून ठेवावा आणि तळघरे पाहिल्याशिवाय परतू नये.