अतिदीप्त नवताऱ्यांचा शोध : नेपरव्हिल व परिसर

इंधन सरलेल्या प्रचंड ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळला, किंवा जोडताऱ्यांतील श्वेतबटू अणुकेंद्रीय स्फोटाने समूळ विदीर्ण झाला, म्हणजे काही आठवडे तो एकटा तारा अब्जावधी ताऱ्यांच्या दीर्घिकेशी तेजात स्पर्धा करतो. त्यास अतिदीप्त नवतारा म्हणतात. एका दीर्घिकेत असा प्रसंग सामान्यतः शतकातून एखाद-दुसऱ्या वेळीच येत असल्याने शोधकास शेकडो दीर्घिका आळीपाळीने न्याहाळाव्या लागतात.

इलिनॉय राज्यात, ड्यूपेज व विल या जिल्ह्यांच्या हद्दीत, शिकागोच्या पश्चिमेस सुमारे ४५ किमी.वर वसलेल्या नेपरव्हिलचे आकाश महानगराच्या दिव्यांनी उजळलेले असते आणि दीर्घिकेची विरळ आभा त्यात बुडून जाते; तथापि बिंदुवत तारा त्या उजेडातही तग धरतो, आणि इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याच्या प्रतिमेतून पार्श्वप्रकाश बराचसा वजा करता येतो. शिवाय ४१.८ उत्तर अक्षांशामुळे या गावास जो लाभ मिळाला आहे, तो पुण्याच्या निरीक्षकास हेवा वाटावा असा आहे : एम १०१, एम ८२ आणि एनजीसी ६९४६ या समीपच्या दीर्घिका पुण्याहून क्षितिजाखाली जातात, येथून त्या कधीच मावळत नाहीत. यांपैकी एनजीसी ६९४६ तर सामान्य नियमास अपवादच होय. तीत १९१७ ते २०१७ या काळात दहा अतिदीप्त नवतारे नोंदले गेले. पहिला जॉर्ज रिची यांनी माउंट विल्सनवरून टिपला, ज्यांची पूर्वीची उमेदवारी शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत झाली होती, आणि दहावा यूटा राज्यातील हौशी निरीक्षक पॅट्रिक विगिन्स यांनी.

शोधाचे मर्म तुलनेत आहे. आज दिसणारा ठिपका काल नव्हता, हे ज्यास दाखल्यानिशी सांगता येते त्यासच तो सापडतो. म्हणून ज्या रात्री काहीही घडले नाही त्या रात्रींची चित्रे हेच या विद्येचे खरे दप्तर होय. ऑस्ट्रेलियातील धर्मोपदेशक रॉबर्ट एव्हान्स यांनी शेकडो दीर्घिकांची रूपे स्मरणात साठवून, केवळ डोळा दूरदर्शकास लावून, चाळीसच्या आसपास अतिदीप्त नवतारे शोधले. हे स्मरणसामर्थ्य मला कोणत्याही यंत्राहून अधिक विस्मयकारक वाटते. आता संगणक नव्या प्रतिमेतून जुनी वजा करतो, आणि उरलेला ठिपका लघुग्रह किंवा वैश्विक किरणाचा आघात नाही याची खातरजमा दुसऱ्या प्रतिमेने, स्फोटाच्या जातीची वर्णपटाने होते.

नेपरव्हिलच्या शेजारी, बटेव्हिया येथील फर्मी प्रयोगशाळेत, ५७ कोटी चित्रबिंदूंचा डार्क एनर्जी कॅमेरा बांधला गेला. चिलीतील सेरो टोलोलो येथील ४ मी. व्यासाच्या ब्लँको दूरदर्शकावर बसवल्यावर त्याने सप्टेंबर २०१२ मध्ये प्रथम आकाश टिपले. अतिदूरचे स्फोट हे त्याच्या लक्ष्यांपैकी एक असले, तरी १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाने उमटलेली प्रभा, स्वोप दूरदर्शकाच्या पथकाने प्रथम हेरल्यावर, त्यानेही स्वतंत्रपणे पाहिली.

एम १०१ मधील २०११एफई हा अतिदीप्त नवतारा २४ ऑगस्ट २०११ रोजी, स्फोटानंतर अवघ्या काही तासांत, पालोमार येथील शोधमोहिमेस गवसला. या मोहिमेचे प्रमुख श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. त्याच दीर्घिकेतील २०२३आयएक्सएफ हा १९ मे २०२३ रोजी जपानचे कोइची इतागाकी यांनी शोधला. ती वार्ता पसरताच अनेक देशांतील हौशी निरीक्षकांनी आपापल्या आदल्या रात्रींच्या प्रतिमा पुन्हा उघडल्या, आणि त्यांतील काहींत तो तारा, त्या काढणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेला, आधीच उजळू लागलेला आढळला. स्फोटाची वेळ तासांच्या हिशेबाने मुक्रर झाली ती या प्रतिमांच्या साह्याने.